दगडाचं तोंड

कॅनडात व्हँकुव्हरच्या एका जपानी बागेत तिकीट काढून आत शिरल्यावर हिचं पहिलं वाक्य, "अहो, फुलं कुठायत?"

बरोबरच होतं तिचं. जुलै महिना चालू होता, चेरी एप्रिलात येऊन गेलेली, आयरिस जूनमध्ये संपलेली आणि मेपल लाल व्हायला ऑक्टोबर उजाडणार, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा सगळं नुसतं हिरवं आणि त्यात दगड. लेक शेजारून म्हणाली, "आई, ही तशी बाग नाहीये." ही म्हणाली, "मग कशी आहे?" त्याचं उत्तर लेकीकडे नव्हतं आणि मला ते मिळायला अजून तीन चकरा लागल्या. लेकीचं युनिव्हर्सिटीचं आयडी कार्ड दाखवलं की तिला फुकट, आम्हाला पैसे, त्यामुळे चौथ्यांदा निघालो तेव्हा हिने सरळ सांगितलं की दगड बघायला मी काही येणार नाही, तुम्ही जा.

तर ही बाग म्हणजे व्हँकुव्हरला यूबीसीच्या, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या कॅम्पसमधली नितोबे मेमोरियल गार्डन. कॅम्पस शहराच्या पार पश्चिम टोकाला, तीन बाजूंनी समुद्र, आणि ही सगळी जमीन मुळात मस्क्वीयम नावाच्या तिथल्या मूळनिवासी लोकांची, त्यांनी ती कधीच कुणाला लिहून दिलेली नाही, तसं जागोजागी बोर्डावर लिहिलंय. बाग फार मोठी नाही. अडीच एकराच्या आसपास. आपल्या सिंहगड रोडची ओकायामा, म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यान, दहा एकर आहे, त्याच्या चौथाईत बसेल. पण आत गेलं की ती केवढी आहे ते कळतच नाही, कारण कुठूनही अख्खी बाग दिसत नाही. वाट वळते, झाडाआड जाते, तळं दिसतं न दिसतं तोवर परत झाकलं जातं. मी साइटवर पस्तीस वर्षं काढलेला माणूस, कुठल्याही जागेत शिरलो की आधी चारी कोपरे शोधतो, बाउंड्री कुठे, उतार कुठे, पाणी कुठून येतं कुठे जातं. इथे पहिल्या फेरीत कोपराच सापडला नाही. मुद्दाम तसं केलेलं असतं हे नंतर कळलं, अर्धं दाखवायचं अर्धं लपवायचं, त्याला जपानीत मिएगाकुरे असा शब्दच आहे.

आधी हे नितोबे कोण ते सांगतो, मलाही माहीत नव्हतं. इनाझो नितोबे, जन्म १८६२, मोरिओकाचा. सप्पोरोच्या शेतकी कॉलेजात शिकला, मग अमेरिकेत आणि जर्मनीत, फिलाडेल्फियाच्या एका क्वेकर, म्हणजे शांततावादी ख्रिस्ती पंथातल्या, मुलीशी लग्न केलं (तेव्हाच्या काळात!), आणि १९०० साली बुशिदो नावाचं पुस्तक लिहिलं तेही इंग्रजीत, जपानी माणूस आतून कसा असतो हे बाहेरच्यांना कळावं म्हणून. पुढे राष्ट्रसंघात, म्हणजे युनोच्या आधीच्या त्या संस्थेत, उपमहासचिव झाला. तरुणपणी त्याने म्हणे असं ठरवलेलं की मला पॅसिफिक महासागरावरचा पूल व्हायचंय. आणि झालं काय, तर १९३३ साली जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला, त्याच वर्षी हा म्हातारा माणूस कॅनडात बॅन्फला एका परिषदेला जपानच्या बाजूने आला, आजारी पडला आणि ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरियाला वारला. व्हिक्टोरिया म्हणजे व्हँकुव्हरसमोरच्या बेटावर. पूल व्हायला निघालेला माणूस पलीकडच्या टोकाला जाऊन पडला. जपानने नंतर त्याला पाच हजार येनच्या नोटेवर घेतलं, १९८४ पासून वीस वर्षं तो नोटेवर होता.

त्याच्या मित्रांनी १९३५ ला त्याच्या आठवणीत एक दगडी दिवा या कॅम्पसवर बसवला. म्हणजे बाग नंतर, दिवा आधी. मला हे आवडलं. आपल्याकडे कसं, वडाखाली आधी कुणीतरी शेंदूर फासलेला दगड ठेवतो आणि मग तीस वर्षांनी सभामंडप येतो, तसंच.

आता मधली गोष्ट. ती बागेच्या माहितीफलकावर शोधत होतो तर नीट कुठे दिसली नाही, लेकीने सांगितली, नंतर मी वाचली. १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि १९४२ मध्ये कॅनडा सरकारने पश्चिम किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या आतल्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांना उचललं. बावीस हजारांच्या आसपास माणसं. त्यातली बहुतेक तिथेच जन्मलेली किंवा नागरिक झालेली. मासेमारीच्या बोटी जप्त, घरं दुकानं शेतं सरकारने ताब्यात घेतली आणि पुढे त्यांना न विचारता विकून टाकली. शहरातल्या प्रदर्शनाच्या मैदानावर जनावरांचे गोठे होते त्यात बायकापोरांना आधी ठेवलं आणि मग डोंगरापलीकडच्या छावण्यांत पाठवलं. युद्ध १९४५ ला संपलं, पण किनाऱ्यावर परत यायची परवानगी मिळाली १९४९ ला. चार वर्षं कशासाठी, तर उत्तर नाही. याच विद्यापीठात तेव्हा शिकत असलेल्या ७६ जपानी-कॅनडियन मुलांनाही १९४२ मध्ये शिक्षण सोडून जावं लागलं. विद्यापीठाने त्यांना मानद पदव्या दिल्या त्या २०१२ ला, सत्तर वर्षांनी. जे हयात होते ते नव्वदीच्या घरात.

आणि त्या दिव्याकडे युद्धाच्या काळात अर्थातच कुणी बघितलं नाही. शत्रूच्या माणसाचा दिवा.

मग १९५० च्या दशकाच्या शेवटी ठरलं की नितोबेच्या नावाने नीट बाग करायची. जपानहून कान्नोसुके मोरी नावाचे चिबा विद्यापीठातले प्राध्यापक आले, बागांच्या रचनेतले मोठे माणूस. १९५९ मध्ये काम सुरू, १९६० ला बाग उघडली. मेपल, चेरी, अझेलिया, आयरिस यातलं बरंचसं जपानहून आणलं, बाकी इथलीच जंगलातली झाडं ठेवली आणि छाटून छाटून वळणावर आणली. आणि हाताखाली काम करायला होते ते इथलेच जपानी-कॅनडियन माळी. दहा वर्षांपूर्वीच परत आलेले. घर गेलेलं, बोट गेलेली, हातात दुसरं काही नाही म्हणून कितीतरी जण लोकांच्या बंगल्यातली बागकामं करायला लागले होते, त्यातले. त्यांनी ही बाग उभी केली. मी तिथल्या बाकावर बसून हे फोनवर वाचत होतो आणि समोरचे दगड एकदम वेगळे दिसायला लागले, कारण ते दगड कुणीतरी पहारीने सरकवलेत, कुणीतरी खाली वाकून "अजून दोन बोटं डावीकडे" असं म्हणलंय, आणि ते कुठल्या भाषेत म्हणलं असेल.

आता दगडांवर येतो, कारण मला खरं बोलायचंय ते त्याबद्दलच.

मी स्वतः एक जपानी गार्डन केलेलं आहे. हसू नका. पंधरा-सोळा वर्षं झाली, मी एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे साइट इंजिनियर होतो, एका कॉलेजचं काम, कॉलेज कुठलं ते सोडा. नॅकची, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची, टीम येणार होती, कॅम्पस छान दिसला पाहिजे, आणि संस्थेचे अध्यक्ष कुठेतरी फिरून आलेले, त्यांच्या मोबाईलमध्ये एका बागेचे फोटो. मुख्य इमारतीसमोर रिकामी जागा होती साधारण चार-पाच गुंठे. "इथे जपानी गार्डन पाहिजे." मुदत बावीस दिवस. ड्रॉइंग म्हणाल तर ते फोटोच. जमीन काळी. ज्याने काळ्या मातीत काम केलंय त्याला पुढचं सांगायला नको, पण ज्याने नाही केलं त्याच्यासाठी सांगतो, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तिला, त्यामुळे तिच्यावर थेट काही करायचं नसतं, ती खणून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, मग पुढचं. आम्ही तीन फूट खणलं आणि त्या काळीवरच चार इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, ओतून मोकळे झालो. तळं तयार. मी बोललो होतो, नाही असं नाही, पण फार जोरात बोललो नव्हतो. अँगलचा कमानी पूल वेल्डिंग करून आणला, लाल ऑइल पेंट. दोन सिमेंटचे बगळे. एक सिमेंटची मशरूम पण होती, ती का होती देव जाणे. टीम आली, फोटो झाले, पुढच्या मे महिन्यात तळ्याला अशी चीर गेली की रात्रीत सगळं पाणी गायब, आणि बगळे कोरड्या हौदात उभे.

पण ते जाऊ दे. त्यात दगड आणले होते क्वारीतून टिपरने. टिपर मागे घेतला, हौद उचलला, धडाधड ओतले. आमच्याकडे एक वडार मिस्त्री होता, म्हातारा, फार कमी बोलायचा. तो येऊन त्या ढिगाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, याचं तोंड खाली गेलंय." मी म्हणलं कशाचं? म्हणे दगडाचं. मला माहीत होतं तो काय म्हणतोय, खांडकी बांधकामात दगडाची तोंडाकडची बाजू असते, नस असते, सुतकी, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, कुठे मारायची ते त्यावरून ठरतं, पण ते भिंतीसाठी ना. बागेत नुसते पडलेल्या दगडाला कसलं तोंड. मी म्हणलं, "तोंडाचं काय करायचंय मिस्त्री, परवा टीम येणारे, राहू दे आहे तसं." तो बरं म्हणाला आणि गेला.

आता ऐका. जपान्यांचा बागा बनवण्यावरचा एक हजारेक वर्षांपूर्वीचा ग्रंथ आहे, साकुतेइकी. त्याची सुरुवातच दगड मांडण्यापासून होते, झाडं वगैरे नंतर. त्या काळात बाग करणे याला शब्दच 'दगड उभे करणे' असा वापरायचे. आणि त्यात सांगितलंय की दगडाला काय हवंय ते बघून चला, एक मुख्य दगड बसवा आणि बाकीचे त्याच्या मागणीप्रमाणे. आणि जे दगड मुळात डोंगरात उभे होते ते आडवे करू नका, आडवे होते ते उभे करू नका, नाहीतर घरावर संकट येतं. मुळाचं वर खाली करायचं नाही, बस. आमच्या मिस्त्रीने हा ग्रंथ वाचलेला असायची काही शक्यता नाही. त्याने आयुष्यभर दगड फोडलेला होता एवढंच.

नितोबे बागेत गेल्यावर तेच बघत बसलो. तिथले दगड ठेवल्यासारखे वाटत नाहीत, जमिनीतून वर आल्यासारखे वाटतात. ते का, तर दगडाचा बराच भाग खाली पुरलेला असतो, जिथे त्याची रुंदी सगळ्यात जास्त असते ती रेघ मातीच्या खाली जाते, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं की खाली अजून केवढा असेल. आम्ही केलेले कसे होते, तर टेबलावर बटाटे ठेवावेत तसे. पायवाटेचे दगड पण मुद्दाम वरखाली, म्हणजे चालताना मान खाली घालून पाय बघून टाकावा लागतो, आणि जिथे तुम्ही मान वर करावी असं त्यांना वाटतं तिथे एक मोठा सपाट दगड येतो, त्यावर पाय स्थिर होतो, मान आपोआप वर जाते आणि समोर बरोब्बर दिवा नाहीतर तळ्याचं वळण. माझी मान तीनदा अशी वर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मला कुणीतरी साठ वर्षांपूर्वीचा, बहुतेक मेलेला, माणूस दोरीने चालवतोय.

तळ्याची काँक्रीटची कड कुठे दिसते का तेही शोधलं. खोड आहे. चारी बाजूंनी फिरलो, दिसली नाही. कुठे दगडाखाली गेलीय, कुठे झुडपाखाली, कुठे गवत पाण्यात उतरलंय. एका ठिकाणी वाकून हात घालून बघणार तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, प्लीज."

आणि शेवाळं. हे तर आपल्या लोकांना सांगून पटणार नाही. गणपतीच्या आधी आपण अंगणातलं शेवाळं घासून काढतो, ब्लीचिंग पावडर टाकतो, कुणी घसरून पडायला नको म्हणून. तिथे ते जपतात. हिवाळाभर तिकडे बारीक पाऊस लागून असतो त्यामुळे शेवाळ्याला मानवतं, आणि त्यात उगवलेलं गवत एक बाई गुडघ्याखाली उशी घेऊन चिमटीने उपटत होती. उलटं काम. एक माळी पाइनच्या झाडावर होता, त्याच्याकडे तीन पायांचा घोडा, म्हणजे उभी शिडी. आपला घोडा चार पायांचा असतो, ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतो, मग एक माणूस खाली धरायला लागतो. तीन पायांचा डुगडुगत नाही, भूमितीच तशी आहे, आणि तो तिसरा पाय झाडाच्या आत फांद्यांमधून सरळ घालता येतो. एवढी वर्षं साइटवर काढली, हे कधी सुचलं नाही. तो माळी हाताने जुन्या सुया एक एक काढत होता, कात्री खिशात. मी अर्धा तास बघितलं, त्याने एक फांदी पुरी केली. आमच्या बावीस दिवसांत त्याची किती झाडं झाली असती ते मनातल्या मनात काढायला गेलो आणि सोडून दिलं.

ही बाग तशी निर्वेध टिकली असंही नाही. मोरी परत गेले, मधल्या काळात काही बदल झाले, मूळ रूप थोडं हरवलं, मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शुनम्यो मासुनो नावाचे जपानचे झेन पुजारी आले, ते बागांची रचनाही करतात, त्यांच्या देखरेखीत मोठी दुरुस्ती झाली. म्हणजे बाग एकदा करून संपत नाही. बिल्डिंगला पाच वर्षांची डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे दोष निघाला तर दुरुस्त करून द्यायची जबाबदारी असते, इथे कायमची. शेजारीच एशियन सेंटरची इमारत आहे, तिचा लोखंडी सांगाडा १९७० च्या ओसाका एक्स्पोमधल्या सान्यो कंपनीच्या पॅव्हेलियनचा, तो तिथे सोडवून जहाजाने इकडे आणून परत जोडलाय. ते पण मी बाहेरून बराच वेळ बघितलं. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, लेकीला वाटतं कुणी वाचणार नाही.

बागेत चहाचं घर आहे, इचिबो-आन, उन्हाळ्यात काही दिवस तिथे चहाचा कार्यक्रम असतो. आम्हाला मिळाला नाही. ही चहाशिवाय अकरा वाजवू शकत नाही हे माहीत असूनही मी तिला सांगितलं नव्हतं की आत खायला प्यायला मनाई आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी धपाटे पर्समध्येच राहिले आणि ते बाहेर येऊन बसस्टॉपवर खाल्ले.

पुण्याला आल्यावर ओकायामात गेलो. सकाळी फिरायला तसं आधीही जायचो, पण दगड बघितले नव्हते. ही बाग ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केली, ती १७०० साली पुरी झालेली आणि जपानच्या तीन मोठ्या बागांत धरतात. कोराकुएनमधून किल्ला दिसतो, त्यांनी तो बागेत धरलाय, बाहेरची गोष्ट उसनी घ्यायची, त्याला शाक्केई म्हणतात. यूबीसीत उंच उंच सूचीपर्णी झाडं उसनी. आणि आपल्याकडे पर्वती! हिरवळीवरून मान वर केली की देवळाचं शिखर. वीस वर्षं तिथे चालतोय, एकदाही डोक्यात आलं नाही की पर्वती या बागेत आहे. तिथे एका वळणावर एक दगड बघितला, खूप वेळ, आणि तो मला उलटा वाटला. कदाचित नसेल. मला काय कळतं.

ते सगळं राहू दे, पुलाचं सांगायचं राहिलं. नितोबे बागेत तळ्यावर लाकडाचा कमानी पूल आहे, त्याला सत्त्याहत्तर ओंडक्यांचा पूल म्हणतात, पॅसिफिकवरचा तो पूल म्हणजे हाच असं बरेच जण सांगतात. लाल नाहीये, लाकडाचाच रंग. शेवटच्या दिवशी ही पण आली होती, विमान रात्रीचं होतं. ७६ मुलं काढली आणि ७७ ओंडके, याचा त्याचा काडीचा संबंध नाही, पण मोजमाप पुस्तकं लिहिण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या डोक्यात आकडा एकदा शिरला की निघत नाही. मी या टोकापासून मोजत निघालो. पलीकडे ७५ आले. परत मोजत आलो तर ७८. "काय करताय?" ही म्हणाली. मी म्हणलं मोजतोय. ती कठड्याला टेकून उभी राहिली, खाली मोठे रंगीत मासे फिरत होते ते बघत, आणि म्हणाली, "मोजा." तिसऱ्यांदा निम्म्यापर्यंत आलो तर मागे एक जपानी आजी-आजोबा थांबलेले, हात जोडल्यासारखं करून जायची वाट मागत होते, त्यांना वाट द्यायला बाजूला झालो आणि आकडा विसरलो.